तीन रेघांचा प्रांत

दोहा,
बुधवार

प्रिय गिरीश,

मागच्या शुक्रवारी फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "नमिता हल्ली नंबरप्लेट का ओळखत नाही? मी फोटो पाठवतो, ती नुसता अंगठा पाठवते." मी म्हटलं, परीक्षा आहे. तू लगेच "हो हो, अभ्यास आधी" म्हणालास आणि तुझा आवाज मोकळा झाला. परीक्षा केव्हाच संपली होती. ते तुला माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. आज शाळेला सुट्टी आहे, नमिता खालच्या मजल्यावर फरहाकडे गेली आहे, घरात एसीच्या घरघरीशिवाय आवाज नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी इकडची खबर देते, नाहीतर तू म्हणशील नीता एकदम भांडायलाच उठते. नमिता माझ्या कानापर्यंत आली आहे. गणवेशाचा पायजमा वर्षात दुसऱ्यांदा घ्यावा लागला. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि ते मी आता मनावर घेत नाही. मन्सूऱ्याचा हा फ्लॅट मला अजून आपला वाटत नाही. अल खोरच्या कंपनीच्या घराला निदान दारात बोगनवेल होती. ते घर सोडताना तू फोनवर किती शांतपणे समजावलं होतंस: डेप्युटेशन आता नव्या कॉन्ट्रॅक्टवर आहे, घर परत द्यावं लागेल, तुमचा दोघींचा व्हिसा तुझ्या शाळेच्या नावावर करून घे, ते कायमचं सोयीचं पडेल. मला वाटलं, नवरा इतक्या लांबून आपली किती काळजी घेतो. सामान हलवायला तुझ्या डिपार्टमेंटमधला वेदांत आणि त्याची बायको आली होती. वेदांत खोकी उचलत होता, पण माझ्याकडे बघून बोलत नव्हता. रास लफानच्या गॅस प्लांटवरची शिफ्ट करून आलाय, दमला असेल, असं म्हणून मी त्याला दोनदा चहा केला.

नंबरप्लेटचं वेड तुझ्याच घरातलं. पुण्याला माझ्या हॉस्टेलखाली तू गाडी लावायचास, तेव्हा आमच्या रेक्टर लक्ष्मीबाई वरून ओरडायच्या, "ती एमएच पंधरा कुणाची? नाशिकची गाडी रोज इथं काय करते?" तू मला सांगितलं होतंस की लहानपणी महामार्गाच्या कडेला बसून तू आणि तुझा भाऊ गाड्या ओळखायचात. एमएच नऊ कोल्हापूर, अकरा सातारा, अठरा धुळे. पाटी बघितली की माणूस कुठला ते कळतं, असं तू फार विश्वासानं म्हणायचास. इथं आल्यावर तुझी पंचाईत झाली. कतारच्या पाटीवर नुसते आकडे. दोह्याचा कोण, वक्ऱ्याचा कोण, काही कळायला मार्ग नाही. आकडे जितके कमी तितका मालक मोठा, एवढंच कळतं. तू म्हणायचास, हा काय खेळ झाला?

म्हणून शांघायला गेलास तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू लहान मुलासारखा खूश होतास. यार्डात आपली गॅसवाहू जहाजं बांधली जात होती, त्यांच्यावर देखरेख करायला कंपनीनं तुला पाठवलं होतं, पण फोनवर तू जहाजांबद्दल कमी आणि पाट्यांबद्दल जास्त बोलायचास. "नमू, इथं खरा खेळ आहे. आधी एक चिनी अक्षर, तो प्रांत. मग एक इंग्रजी अक्षर, ते शहर. ए म्हणजे बहुतेक करून प्रांताची राजधानी. मग नंबर." निळी पाटी पेट्रोलच्या गाडीची, हिरवी विजेवरच्या गाडीची. आय आणि ओ वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गोंधळ होतो म्हणून. शांघायचं अक्षर शांघाय या नावात नाहीच, जुन्या काळी तिथले कोळी बांबू रोवून मासे अडवायचे, त्या कुंपणाचं ते नाव. शांघायची पाटी असून पुढे सी असला तर ती गाडी उपनगरातली, तिला शहराच्या आतल्या भागात यायला बंदी. हे ऐकून नमितानं विचारलं होतं, "दॅट्स सो मीन! व्हाय?" तू म्हणालास, पाटी स्वस्त मिळते, म्हणून.

ती अक्षरं नमिताला गिरवायला कुणी शिकवली, तेही लिहायला हवं. तुझ्या यार्डातल्या दुभाष्या बाईनं. तिचं नाव मला येतं, पण ते मी या कागदावर लिहिणार नाही. ती कॅमेऱ्यासमोर बोटानं हवेत रेघ ओढायची आणि नमिता इकडे वहीवर. फुच्यानचं अक्षर म्हणजे दाराच्या चौकटीत किडा, म्हणून नमिता खो खो हसायची. सिचुआनचं सगळ्यांत सोपं, तीन उभ्या रेघा. "धिस इज माय होम," असं ती बाई म्हणाली होती. मी मागे उभी होते. मीही हसले. म्हटलं, किती गोड बोलते. दिवाळीत तुझ्याबरोबर तिच्यासाठी चकल्या पाठवल्या होत्या मी, गिरीश. डबा परत आला तेव्हा रिकामा येऊ नये म्हणून तिनं त्यात चहाची पुडी ठेवली होती. तो चहा मी चवीनं प्यायले.

नमितानं भिंतीवर चीनचा मोठा नकाशा लावला. तू रोज एक फोटो पाठवायचास, ती प्रांत आणि शहर सांगायची आणि नकाशावर टिकली चिकटवायची. शांघायच्या रस्त्यावर कुठकुठल्या गाड्या दिसतात, ते बघता बघता एकतीसच्या एकतीस अक्षरं तिला पाठ झाली. मग कधीतरी हळूहळू मजा कमी होत गेली. तुझ्या चकरा कमी झाल्या. तीन महिन्यांनी येणारा तू सहा महिन्यांनी आलास, मग सात. फोटो यायचे, पण जुने वाटायचे. एकदा तर तोच फोटो दुसऱ्यांदा आला, पांढरी गाडी, समोर पाण्याचं डबकं, डबक्यात लाल छत्री. माझ्यासुद्धा लक्षात आलं. मी म्हटलं, अगं, हा तर झालाय. नमितानं मान खाली घालून पुन्हा प्रांत लिहिला, शहर लिहिलं, आणि तुला पाठवून दिलं. "इट्स ओके, आई. बाबा इज बिझी." माझ्या वाढदिवसाला तिनं सकाळपासून नवा फ्रॉक घातला होता आणि बेल वाजली की तीच दाराकडे धावत होती. पाणीवाला आला, इस्त्रीवाला आला, फरहा केक घेऊन आली. प्रत्येक वेळी तिचं तोंड उतरत होतं. दिवाळीतही तेच. दिवाळीनंतर एके दिवशी मी शाळेतून आले तर नकाशा भिंतीवर नव्हता. टिकल्यांसकट गुंडाळून पलंगाखाली सारला होता. मोठी झाली, खेळ संपले, असं मला वाटलं. तिचं पोट दुखायला लागलं, तेही मी वयावर ढकललं.

आता रुवैसचं सांगते. फरहा आणि तिचा नवरा नसरुद्दीन हवा छान होती म्हणून आम्हाला उत्तरेला अल रुवैसला घेऊन गेले, बंदरावर ताजा मासा घ्यायला. नसरुद्दीनचा टाइल्सचा धंदा आहे, माल ठरवायला तो चीनला जाऊन आला होता. नमिताला हे वेड आहे हे त्याला माहीत, म्हणून बिचाऱ्यानं तिच्यासाठी मुद्दाम रस्त्यावरच्या गाड्यांचे फोटो काढून आणले होते. बंदराजवळ आम्ही करक चहा घेत गाडीत बसलो होतो. तो पुढच्या सीटवरून मागे वळून एकेक फोटो दाखवू लागला. "बताओ बेटा, ये कहाँ की?" पहिली क्वांगतुंग. दुसरी पण क्वांगतुंग, बी म्हणजे शेन्झेन. तिसरी च्यांगसू. नमिताचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला होता. चौथा फोटो आला आणि तिनं नजर खिडकीबाहेर वळवली. "ये तो आसान होगी," नसरुद्दीन म्हणाला. ती म्हणाली, "आय डोन्ट नो." मी वाकून बघितलं. तीन उभ्या रेघा आणि ए.

गिरीश, मला चिनी येत नाही. पण ते एक अक्षर मलाही येतं. एकतीस अक्षरं पाठ असलेल्या मुलीला त्यातलं सगळ्यांत सोपं आठवत नाही, हे कुठल्या आईला पटेल? ती खोटं बोलत होती. आणि माझी मुलगी खोटं बोलते तेव्हा तिची हनुवटी थरथरते, ती तशीच थरथरत होती.

मी तिला घेऊन खाली उतरले. पलीकडे होड्या ओढून ठेवल्या होत्या, माणसं जाळी झटकत होती. तिला काहीच विचारू नये, असं आधी वाटलं. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "नमू, बाबा तिकडे आहेत का? तीन रेघांच्या गावात?" तिनं मान हलवली नाही, हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दोन्ही हातांनी माझ्या ओढणीचा काठ धरला आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "आय डिडन्ट टेल यू, आई. ओके? आय डिडन्ट टेल यू. यू सेड इट. आय डिडन्ट." मी म्हटलं, हो बाळा, तू नाही सांगितलंस. मीच म्हणाले. त्यानंतर ती अशी रडली की जाळी झटकणारा एक म्हातारा हातातलं काम थांबवून पाण्याची बाटली घेऊन आला. मी त्याला शुक्रन म्हणायचंही विसरले.

बाकीचं तुकड्या-तुकड्यांत कळलं, काही त्या दिवशी, काही नंतर. तू एकदा चालत्या गाडीतून फोन केला होतास. गाडी कुणीतरी दुसरं चालवत होतं. मी स्वयंपाकघरात होते. बोलता बोलता तू कॅमेरा फिरवलास, नमिताला रहदारी दाखवायला, आणि तिला दिसलं की पुढची, मागची, शेजारची, प्रत्येक गाडी तीन रेघांची, प्रत्येकीवर राजधानीचा ए. ती आनंदानं ओरडली, "बाबा, यू आर इन छंगदू!" एखादी गाडी पाहुणी असू शकते, सगळा रस्ता पाहुणा नसतो, हे तूच तिला शिकवलं होतंस. तू कॅमेरा झटकन वळवलास. मग तिला एकटीला आवाजी निरोप पाठवलास. आईसाठी सरप्राइज आहे, नमू. आईला सांगायचं नाही. प्रॉमिस?

तिनं प्रॉमिस केलं. आणि ती वाट बघत बसली, गिरीश. आपले बाबा आईसाठी काहीतरी मोठं ठरवताहेत, या आनंदात एवढीशी पोर तोंड मिटून बसली. वाढदिवसाला तो नवा फ्रॉक त्यासाठी होता. दिवाळीला तिनं दारात रांगोळी काढली तीही त्यासाठी. दिवाळी गेली आणि मग कुणी न सांगता तिला समजलं की सरप्राइज नाहीये. तरीही ती बोलली नाही, कारण प्रॉमिस होतं. तू तेच तेच फोटो पाठवत राहिलास आणि ती पुन्हा पुन्हा शांघाय लिहून तुला पाठवत राहिली. तुझ्या खोट्याला रोज उत्तर देण्याचं काम तू तिला दिलं होतंस.

रुवैसहून आल्यावर मी वेदांतला फोन केला. कामावरून सुटल्यावर तो बायकोसकट घरी आला. मी सरळ विचारलं, गिरीश कुठं आहे? तो बायकोकडे बघायला लागला. मग म्हणाला, "वहिनी, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय असं वाटलं. म्हणून कधी विषय काढला नाही." तू राजीनामा दिल्याचं अख्ख्या डिपार्टमेंटला माहीत होतं. छंगदूला त्या बाईच्या माहेरच्या शहरात तू नोकरी धरलीस, घर केलंस, तेही माहीत होतं. तुला मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा कुणीतरी कॅन्टीनमध्ये मिठाईसुद्धा वाटली म्हणे. वेदांतनं खाल्ली का, ते मी विचारलं नाही. त्याची बायको रडत होती, मी नव्हते. मला एवढंच आठवत होतं की घराची खोकी बांधताना मी या माणसाला दोनदा चहा दिला होता आणि त्यानं दोन्ही वेळा "थँक यू वहिनी" म्हटलं होतं.

मी शाळेत भूगोल शिकवते. चीन एवढा रुंद देश, पण घड्याळ सगळीकडे एकच, हे दरवर्षी मुलांना सांगते. म्हणून घड्याळानं तुला कधी उघडं पाडलं नाही. पण सूर्याला घड्याळाशी देणंघेणं नसतं. थंडीच्या दिवसांत शांघायला अंधार व्हायला हवा, तेव्हा तुझ्या खिडकीत स्वच्छ उजेड असायचा. तो उजेड तुझ्या तोंडावर पडायचा आणि मी म्हणायचे, अरे, चेहरा उजळलाय तुझा. मुलीला पाटी वाचता आली, मला तोंडावरचा उजेड वाचता आला नाही. असो.

वेदांत येऊन गेल्यावर मागच्या शुक्रवारी तुझा फोन आला. मी मुद्दाम काही बोलले नाही. तुला बोलू द्यायचं होतं. मी विचारलं, हवा कशी आहे? तू म्हणालास, शांघायला सकाळपासून पाऊस, रस्ते तुंबलेत, यार्डात जायला दोन तास लागले. किती बारकाईनं सांगितलंस! बसमध्ये कोण घसरून पडलं तेसुद्धा. मी ऐकत होते आणि मला राग येत नव्हता, कंटाळा येत होता. पंधरा वर्षांच्या संसारानंतर माणसाचा कंटाळा यावा, तोही एका पावसाच्या वर्णनानं, हे मला खरंच वाटलं नसतं. मग तू नंबरप्लेटचं विचारलंस. शेजारी नमिता उभी होती आणि तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

तू परत ये म्हणायला हे पत्र लिहीत नाहीये. तुझ्या घरात एक तान्हं मूल आहे, त्यानं माझं काही बिघडवलेलं नाही. कायद्याचं काय करायचं ते मी नाशिकला माझ्या भावाशी बोलले आहे, ते कागद वेगळे येतील. आईंनाही मी अजून काही कळवलेलं नाही. त्या तुझ्या आई आहेत, त्यांना तूच सांग. माझा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे, तुझ्याच दूरदृष्टीमुळे. मी इथं राहीन, शिकवीन.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. काल रात्रीच्या जेवणाला नमितानं ताटातला भात नुसता चिवडला. मग म्हणाली, बाबांना कळलं की तुला कळलंय, तर त्यांना वाटेल मी प्रॉमिस मोडलं. ते माझ्यावर रागावतील, फोन करणार नाहीत. मी म्हटलं, मी सांगते ना बाबांना. ती म्हणाली, तोंडी नको, ते मानणार नाहीत. यू राइट इट डाउन, आई. म्हणून लिहून देते आहे, सहीनिशी: नमितानं मला काही सांगितलं नाही. तिनं तुझा शब्द शेवटपर्यंत पाळला. अक्षर मी स्वतः वाचलं, गावाचं नाव मी स्वतः घेतलं. हे पाकीट मी शांघायला पाठवत नाहीये. वेदांतकडून तुझा छंगदूचा पत्ता घेतला आहे, तेव्हा मला कसं कळलं, कधी कळलं, हे पोरीला विचारत बसू नकोस. पत्र हातात पडल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी तिला फोन कर. पाऊस नको, यार्ड नको, फोटो तर अजिबात नको. तिला एवढंच सांग की तू काही चुकली नाहीस, आणि ते प्रॉमिस आता संपलं. तेवढं बोलून झालं की फोन ठेव. आईला दे, असं म्हणू नकोस.

नमिताची आई,
नीता